कोण होते, कोण नव्हते

२९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील खैरलांजी गावात दलित कुटुंबातल्या सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि रोशन व सुधीर ही दोन मुले, अशा चौघांना जमावाने ठार मारले. प्रेते कालव्यात सापडली. घरातले पाचवे माणूस, भैयालाल भोतमांगे, दुरून हे पाहून जीव वाचवून निसटले आणि पुढे साक्षीदार झाले. तपास आधी स्थानिक पोलिसांकडे होता, मग राज्य सीआयडीकडे गेला आणि नोव्हेंबरात सीबीआयकडे. खटला अकरा जणांवर चालला. १५ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले आणि तिघांना सोडले. २४ सप्टेंबरला आठांपैकी सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोष कायम ठेवला, फाशीच्या जागी पंचवीस वर्षांचा कारावास दिला, आणि हे खून जातिद्वेषातून नव्हे तर सूडातून झाले, असा निष्कर्ष काढला. या निकालावर जे लिहिले-बोलले गेले ते बहुतेक या शेवटच्या निष्कर्षाबद्दल, आणि ते योग्यच होते. पण फौजदारी अपिलाचा अभ्यास करणाऱ्याने त्या निकालपत्राखालच्या एका साध्या, जुन्या प्रश्नाकडेही पाहायला हवे: चार माणसे मारली गेली, पण मारणाऱ्यांत कोण होते आणि कोण नव्हते?

हा प्रश्न दोन बाजूंनी विचारला जातो. साक्षीदार म्हणतो, 'याला मी तिथे पाहिले.' आरोपी म्हणतो, 'मी तिथे नव्हतोच.' या दुसऱ्या उत्तराला कोर्टात अ‍ॅलिबी म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ एवढाच, 'दुसरीकडे'. खैरलांजीचा खटला हा अ‍ॅलिबीचा नमुनेदार खटला नव्हे. तरीही 'मारणाऱ्यांत मी नव्हतो' हेच जमावाच्या प्रत्येक खटल्यातले मूळ उत्तर असते आणि अ‍ॅलिबी हे त्याचे सर्वांत ठाम रूप. सर्वसाधारण समजूत अशी की अपिलाच्या न्यायाधीशासमोर एक तराजू असतो, एका पारड्यात डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष, दुसऱ्यात अ‍ॅलिबी, आणि जे पारडे खाली जाईल तो निकाल. ही समजूत चुकीची आहे, हे मला इथे मांडायचे आहे. ती विशेष करून भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जिथे मारणारा, मरणारा आणि पाहणारा एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, तिथे चुकीची आहे.

कायद्याची मांडणी आधी पाहू. भारतीय पुरावा कायद्याच्या अकराव्या कलमाखाली एक उदाहरण होते: गुन्हा कलकत्त्यात घडला, पण त्या दिवशी आरोपी लाहोरला होता, ही गोष्ट पुराव्यात येऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच उदाहरण चेन्नई आणि लडाख अशा नावांनी आले आहे. म्हणजे अ‍ॅलिबी हा खाजगी बचावाच्या हक्कासारखा कायद्याने दिलेला अपवाद नाही. ती एक वस्तुस्थिती आहे, आणि जो ती सांगतो त्याने ती दाखवायची आहे. १९९६ च्या बिनय कुमार सिंह प्रकरणात, तेही जमावाने केलेल्या हत्याकांडाचेच, सर्वोच्च न्यायालयाने हा क्रम स्पष्ट केला. आधी सरकार पक्षाने आरोपीची हजेरी आणि सहभाग आपल्या पुराव्यावर उभा करायचा. तो उभा राहिला तरच अ‍ॅलिबीकडे वळायचे. आणि मग मात्र आरोपीवरचा भार जड असतो. तराजूची प्रतिमा इथेच मोडते. तराजूत दोन्ही पारडी एकाच वेळी भरतात. इथे एक पायरी चढल्याशिवाय दुसरी येतच नाही. पहिली पायरी कच्ची असेल तर आरोपीची अ‍ॅलिबी खोटी निघाली तरी त्याला दोषी ठरवता येत नाही. पुण्यात घडलेल्या घटनेवरच्या शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात १९८४ साली हेच सांगितले गेले: खोटा बचाव आधीच पूर्ण असलेल्या साखळीला बळ देऊ शकतो, पण तुटलेली कडी जोडू शकत नाही. खालच्या न्यायालयांतल्या निकालपत्रांत मात्र 'आरोपीने खोटी अ‍ॅलिबी सांगितली, यावरून त्याचा सहभाग दिसतो' अशी वाक्ये आजही भेटतात. घाबरलेला निर्दोष माणूसही खोटे बोलतो, हे विसरून ती लिहिलेली असतात.

आता जगाकडे एकदा पाहू, कारण इंग्लंडातले फौजदारी अपिलाचे न्यायालयच मुळात अशा एका झगड्यातून जन्मले. १८९६ साली लंडनमध्ये अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला अनेक स्त्रियांनी ओळखले; हाच आपल्याला फसवणारा, असे त्यांनी शपथेवर सांगितले. एक निवृत्त पोलीसही म्हणाला की १८७७ साली अशाच फसवणुकीसाठी पकडलेला 'जॉन स्मिथ' तो हाच. बेक त्या वर्षांत दक्षिण अमेरिकेत, पेरूमध्ये होता. पण १८७७ चे प्रकरण या खटल्यात संबद्ध नाही म्हणून तो पुरावा पुढे येऊच दिला गेला नाही. बेकने शिक्षा भोगली, सुटला, १९०४ साली पुन्हा पकडला गेला, पुन्हा ओळखला गेला, आणि मग खरा आरोपी सापडला. १९०७ साली इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन झाले, त्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा होता. डोळ्यांच्या साक्षीबद्दल विसाव्या शतकात झालेले बहुतेक मानसशास्त्रीय संशोधन, एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगांपासून पुढे, याच काळजीतून आले: स्मृती ही छायाचित्रासारखी नसते, विचारलेल्या प्रश्नाने ती बदलते, आणि अनोळखी चेहरा ओळखताना प्रामाणिक माणूस पूर्ण खात्रीने चुकतो.

हे सारे खरे आहे, पण मोहाडी तालुक्यातल्या गावाला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. लंडनच्या त्या स्त्रियांनी फसवणाऱ्याला एकदोनदा पाहिले होते. खैरलांजीसारख्या लहान गावात साक्षीदार आरोपीला त्याच्या बापाच्या नावासकट ओळखतो. बांधीच्या धुऱ्यावरून रोज त्याला पाहतो. चेहरा नीट दिसला नाही तरी चालण्याची ढब, आवाज, खांद्यावरचा दुपट्टा, हाक मारण्याची पद्धत यांवरून ओळखतो. अशा खटल्यात ओळख परेडला अर्थ नसतो आणि वकील ती मागतही नाहीत. इथे चूक डोळ्यांत कमी, नावांच्या यादीत जास्त शिरते. चार जणांना मारताना पाहिलेल्या साक्षीदाराच्या जबाबात पाचवे-सहावे नाव कुठून येते? कधी धुऱ्याच्या वादातून, कधी 'तो त्यांच्यासोबत नेहमीच असतो' या समजुतीतून, कधी दुसऱ्याने सांगितलेले स्वतः पाहिल्यासारखे बोलण्याच्या सवयीतून. उलटही घडते: पाहिलेले नाव वगळले जाते, कारण तो माणूस उद्या आपल्या बांधीचे पाणी तोडू शकतो. म्हणूनच गावातल्या खटल्यात अ‍ॅलिबीचे खरे काम घटनेला खोटे पाडणे हे नसते. घटना खरी असतेच. यादीतले एखादे नाव तिथे कसे आले, हे तपासायला भाग पाडणे हे तिचे काम. माझ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. साक्षीदार एक असला तरी त्याच्या साक्षीत आरोपींइतकी विधाने असतात, आणि न्यायाधीशाने त्यांतले प्रत्येक वेगळे तपासायचे असते.

ही जाणीव आपल्या न्यायालयांना नव्हती असे नाही. १९६४ साली मसल्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातल्या मोठ्या जमावाने केलेल्या खुनांचे अपील आले. निकालपत्र सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांचे. उच्च न्यायालयाने ठरवले होते की किमान चार साक्षीदारांनी सुसंगतपणे ज्याचे नाव घेतले त्यालाच दोषी धरायचे. साक्षीदार मोजायचे नसतात, त्यांचे वजन पाहायचे असते, हा तर आपल्या कायद्याचा पाया. तो १९५७ साली वडिवेलु थेवर प्रकरणात आग्रहाने मांडला गेला होता. तरी गजेंद्रगडकरांनी ही कसोटी यांत्रिक वाटली तरी गैर नाही असे मानले. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. जमावात कोण होते हे सांगताना एका प्रामाणिक साक्षीदाराकडूनही एक नाव जास्तीचे निघू शकते. पण दोघा-तिघांकडून, वेगवेगळ्या जागेवरून पाहताना, तेच नाव चुकून निघणे अवघड. दोघा-तिघांनी आधी एकत्र बसून यादी केली असेल तर मात्र ही कसोटीही फसते. म्हणून जबाब कधी, कुठे आणि कोणत्या क्रमाने नोंदवले गेले ही माहिती अपिलात सोन्यासारखी असते.

प्रकाशाचेही असेच. सप्टेंबरअखेर भंडाऱ्यात सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो, आणि खैरलांजीतला हल्ला त्याच सुमाराचा. नवरात्र सुरू होते, तीन दिवसांवर दसरा. म्हणजे शुद्ध पक्षातला जवळजवळ अर्धा चंद्र संध्याकाळीच आकाशात होता. ही माहिती कुणाच्याही साक्षीशिवाय पंचांगातून मिळते. अब्राहम लिंकन यांनी १८५८ साली इलिनॉयमधल्या एका खुनाच्या खटल्यात असाच पंचांगाचा उपयोग करून चांदण्यात पाहिल्याचे सांगणारा साक्षीदार निरुत्तर केला होता. पंचांग दोन्ही बाजूंचे असते. ते साक्षीदाराला पाडू शकते तसे उभेही करू शकते. ढग होते का, दिवा किती दूर होता, त्या वर्षांतल्या भारनियमनात त्या तासाला वीज होती का, हे मात्र साक्षीदारालाच विचारावे लागते. आणि ते खालच्या न्यायालयात विचारले गेले नसेल तर अपिलाच्या न्यायाधीशाला ते पेपरबुकात, म्हणजे त्याच्यापुढे येणाऱ्या खटल्याच्या कागदांत, कुठेच सापडणार नाही.

आता अ‍ॅलिबीकडे तितक्याच बारकाईने पाहू. कायद्याला हवी असते ती अशक्यता: आरोपी तेव्हा इतका दूर होता की घटनास्थळी असणे शक्यच नव्हते. लाहोर आणि कलकत्त्यात ते सोपे आहे. भंडारा जिल्ह्यात नाही. इथे सांगितली जाणारी अ‍ॅलिबी बहुधा अशी असते: बांधीला पाणी द्यायला गेलो होतो, मोहाडीच्या बाजारात होतो, तुमसरला भात विकायला गेलो होतो. मोटारसायकल असलेल्या माणसासाठी यांतली कुठलीच जागा 'अशक्य' नाही. साठेक किलोमीटरवरचे नागपूरसुद्धा दीड तासाचा प्रश्न आहे. १९८१ सालच्या दूधनाथ पांडे प्रकरणात आरोपी कारखान्यात कामावर असल्याचा बचाव होता आणि हजेरीचा आधार दिला गेला होता. तेवढ्याने घटनास्थळी असणे अशक्य ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूडांनी एक गोष्ट सांगितली, जी प्रत्येक सत्र न्यायालयाच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे: बचावाच्या साक्षीदारांनाही सरकार पक्षाच्या साक्षीदारांइतकीच वागणूक मिळायला हवी, आणि त्यांच्याबद्दलचा न्यायालयांचा जन्मजात अविश्वास सोडायला हवा, कारण खोटे दोन्हीकडचे बोलतात. समान कसोटी याचा अर्थ असा की सरकार पक्षाच्या साक्षीतल्या किरकोळ विसंगती 'खेडवळ माणूस, घड्याळ पाहत नाही' म्हणून माफ होत असतील, तर बांधीवरच्या शेजाऱ्याने वेळ अर्ध्या तासाने चुकवली म्हणून त्याला खोटारडे म्हणता येत नाही.

त्यात कागदाचा प्रश्न आहे. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत किंवा वरठीच्या पोलाद कारखान्यात पाळीवर असणाऱ्या माणसापाशी हजेरीची नोंद असते. रोजीवर धान कापणाऱ्या बाईपाशी काय असते? फार तर रोजगार हमीच्या मस्टरवर एक अंगठा, तोही दिवसाचा, तासाचा नाही. कागद असलेल्याची अ‍ॅलिबी खरी आणि तोंडी अ‍ॅलिबी संशयास्पद, असा सरसकट नियम केला तर न्याय पगाराच्या नोंदीवर अवलंबून राहील. मोबाइलच्या नोंदींनी हा प्रश्न सुटला असे अनेकांना वाटते. सुटलेला नाही. धानाच्या सपाट प्रदेशात एक टॉवर आसपासच्या अनेक गावांना पुरतो. खैरलांजीतला माणूस आणि शेजारच्या गावातला माणूस एकाच टॉवरवर दिसू शकतात. शिवाय नोंद फोनची असते, माणसाची नसते, आणि ती पुराव्यात आणायला प्रमाणपत्र लागते; अर्जुन पंडितराव खोतकर या जालन्याच्या निवडणूक वादात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ते अनिवार्य ठरवले.

मोठा आक्षेप इथे येतो, आणि तो हलका नाही. ही सारी सावधगिरी शेवटी कुणाच्या फायद्याची? दलित कुटुंबावर हल्ला होतो, गावातली बहुसंख्य माणसे हल्लेखोरांची नातलग किंवा त्यांच्या धाकातली. साक्षीदार मोजके, घाबरलेले, आधी गप्प बसून उशिरा बोलणारे. तिथे दोन-तीन साक्षीदारांची अट घालायची, जबाबातल्या विसंगती मोजायच्या आणि अ‍ॅलिबीच्या साक्षीदारांना समान वागणूक द्यायची, म्हणजे बलवानाला सोडून देण्याची सोय करायची नाही का? हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि म्हणूनच म्हणतो की समान कसोटी म्हणजे आंधळी कसोटी नव्हे. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्यासाठी दहा जण 'तो आमच्याकडेच बसला होता' म्हणायला तयार होतात. अशा अ‍ॅलिबीची किंमत तिच्या साक्षीदारांच्या संख्येवर ठरू नये. हे साक्षीदार कुणाच्या धाकात आहेत हे विचारले पाहिजे, जसे सरकार पक्षाच्या साक्षीदाराला 'तुझे आरोपीशी वैर आहे का' विचारले जाते. आणि उशिरा बोलण्याचे कारण भीती असेल तर ते कारण पुराव्याने समोर आले पाहिजे. ते आले की उशीर हा साक्षीदाराचा दोष राहत नाही. १९७३ साली शिवाजी साहेबराव बोबडे या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी दोन्ही टोके एकत्र धरली होती: 'दोषी असू शकेल' आणि 'दोषी आहेच' यांतले अंतर लांब आहे, पण बारीकसारीक शंकांवर दोषी सुटणे हाही न्यायाचा पराभवच आहे.

दुसरा आक्षेप वकिलांचा असतो. खालच्या न्यायाधीशाने साक्षीदाराला समोर पाहिले, त्याचा थरकाप पाहिला. अपिलाच्या न्यायाधीशाला फक्त कागद दिसतो, मग त्याने हात का घालावा? निर्दोष सुटलेल्यांच्या बाबतीत हा युक्तिवाद बराच पोचतो; २००७ च्या चंद्रप्पा प्रकरणाने सांगितले आहे की दोन मते शक्य असतील तर सुटकेला हात लावू नये. पण शिक्षेविरुद्धच्या अपिलात उच्च न्यायालयावर पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासण्याचे कर्तव्य आहे, आणि फाशीची पुष्टी करताना तर ते दुप्पट आहे. शिवाय यादीतली चूक थरकापात दिसत नाही. ती कागदातच दिसते. पहिल्या जबाबात नसलेले नाव दुसऱ्या जबाबात आले, तर ते कागद शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळते. तीन यंत्रणांनी तपासलेल्या खैरलांजीसारख्या खटल्यात तर अपिलाच्या न्यायाधीशाचा कागद हा खालच्या न्यायाधीशाच्या डोळ्यांइतकाच महत्त्वाचा साक्षीदार आहे.

एक दुरुस्ती मात्र न्यायालयाच्या हातात नाही, तपासाच्या हातात आहे. इंग्लंडने १९६७ साली असा नियम केला की मोठ्या खटल्यात अ‍ॅलिबी सांगणाऱ्याने ती आधीच कळवावी, म्हणजे पोलीस ती तपासू शकतील. आपल्याकडे अशी सक्ती नाही. आरोपी अटकेच्या दिवशी जे सांगतो ते तपास अधिकारी बहुधा ऐकून सोडून देतो, आणि तीच गोष्ट दोन वर्षांनी आरोपीच्या जबाबात आली की 'नंतर सुचलेला बचाव' म्हणून बाजूला सारली जाते. अटकेनंतर चोवीस तासांत एक शिपाई मोहाडीच्या बाजारात पाठवून विचारपूस केली असती तर निर्दोष माणूस वाचला असता, आणि खोटी अ‍ॅलिबी तिथेच मोडून सरकार पक्षाचाही फायदा झाला असता. हे काम खर्चाचे नाही. ते करायची सवय नाही, एवढेच. साक्षीदारांसाठी काही झाले आहे: २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडित आणि साक्षीदारांचे हक्क आले, महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला, २०१८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मंजूर केली. खैरलांजीला हे सगळे उशिरा आले.

उशिरा म्हणतो, कारण खैरलांजीच्या खटल्याच्या मुळाशीच डोळ्यांनी पाहिलेल्यांची एक साक्ष आहे, आणि ती न्यायालयापर्यंत पोचलीच नाही. ३ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या धुसाळ्याच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली होती. ती सुरेखा आणि प्रियंका यांनी पाहिली. कुणी मारले ते त्यांनी आंधळगाव पोलिसांना नावानिशी सांगितले. गावात राहून, त्याच गावातल्या माणसांविरुद्ध. ज्यांची नावे त्यांनी घेतली ते पकडले गेले, २९ सप्टेंबरला जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर आला. नावे घेतल्याचा तो सूड होता, असे उच्च न्यायालयानेही म्हटले. त्या दोघींनी दिलेल्या नावांची यादी बरोबर होती की त्यात एखादे नाव जास्तीचे होते, हे विचारण्याचा हक्क आरोपींना होता. त्यासाठीच उलटतपासणी असते. पण ती करायला साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहतील अशा त्या दोघी त्या रात्रीनंतर उरल्या नव्हत्या.